टेनिसपटू लीला राव : दक्षिण कोकणातील एका आजोळाचा इतिहास

१

दक्षिण कोकणाच्या इतिहासाची साधने विपुल आहेत. तथापि ती एका विशिष्ट दिशेनेच विपुल आहेत. मालवणसमोरील कुरटे बेटावर १६६४ साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला त्या सिंधुदुर्गाचा वृत्तान्त आपणांस सविस्तर उपलब्ध आहे. सावंतवाडीकरांचे करार, इंग्रज व पोर्तुगीज यांचे पत्रव्यवहार, देवस्थानांच्या सनदा, घराण्यांचे कुलवृत्तान्त यांवर आजवर पुष्कळ काम झाले आहे. या सर्व साधनांत पुरुषांची नावे पिढ्यान्‌पिढ्या सलग सापडतात. मुलींचे नाव सापडते ते विवाहापर्यंत. विवाहानंतर मुलगी दुसऱ्या घराण्याच्या हिशेबात जमा होते, आणि तिची मुलगी तर माहेरच्या वृत्तान्तातून सर्वस्वी नाहीशी होते. कुलवृत्तान्ताची रचनाच अशी आहे की, वंशाची रेषा मुलाकडून मुलाकडे जाते. विद्या, हौस, धैर्य यांचा वारसा आईकडून मुलीकडे गेला तर तो नोंदविण्यास त्या रचनेत रकानाच नाही.

या रकान्याबाहेर राहिलेल्या एका व्यक्तीच्या क्रीडाजीवनाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ती व्यक्ती म्हणजे टेनिसपटू लीला राव. विंबल्डनच्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणारी ही पहिली भारतीय स्त्री होय. त्यांचा हा विजय १९३४ सालचा. त्यांची आई म्हणजे संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव, आणि क्षमाबाईंचे वडील म्हणजे वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडित. पंडितांचे मूळ गाव बांबुळी. मालवणच्या पूर्वेस कुडाळचा जो मुलूख लागतो त्यात हे गाव मोडते. त्या काळी मालवण हा रत्नागिरी जिल्ह्यातील इंग्रजी अमलाखालचा तालुका होता, आणि कुडाळ-बांबुळीचा भाग सावंतवाडी संस्थानात होता. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, आणि आज ही दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यात आहेत.

येथे एक खुलासा प्रारंभीच करणे इष्ट आहे. लीला राव यांना ‘कोकणकन्या’ ठरवून प्रादेशिक अभिमानाच्या यादीत आणखी एका नावाची भर घालावी, असा या लेखाचा हेतू नाही. बांबुळी हे त्यांच्या आईचे पितृगाव, म्हणजे त्यांचे आजोळ. त्यांची स्वतःची वाढ मुंबईच्या व युरोपच्या वातावरणात झाली. प्रश्न निराळा आहे. ज्या काळात या किनाऱ्यावरील बहुसंख्य मुलींना शाळेचा उंबरठाही दिसत नव्हता, त्या काळात एका आजोळातून विंबल्डनच्या हिरवळीपर्यंतचा मार्ग कोणत्या पायऱ्यांनी तयार झाला, आणि तो इतरांसाठी का तयार होऊ शकला नाही, हा तो प्रश्न होय.

२

शंकर पांडुरंग पंडित यांचा जन्म १८४० सालचा. कोकणातून बाहेर पडून इंग्रजी विद्या संपादन करणाऱ्या पहिल्या पिढ्यांपैकी ते एक होत. मुंबई संस्कृत ग्रंथमालेसाठी त्यांनी कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’ची व ‘रघुवंशा’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वाक्पतीच्या ‘गउडवहो’ या प्राकृत काव्याचे, तसेच सायणभाष्यासह अथर्ववेदाचे त्यांनी केलेले संपादन आजही अभ्यासकांस मार्गदर्शक वाटते. ‘वेदार्थयत्न’ या नियतकालिकातून ऋग्वेदाचा अर्थ मराठीत व इंग्रजीत देण्याचा त्यांचा उपक्रम तर त्या काळाच्या मानाने धाडसाचाच म्हटला पाहिजे. १८७४ साली लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेस ते उपस्थित होते. समुद्रगमनाचा निषेध अद्याप जिवंत असताना त्यांनी हा प्रवास केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. साठ वर्षांनी त्यांच्या नातीने याच नगरीच्या एका उपनगरात टेनिसचा सामना जिंकला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पंडितांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र ग्रंथसंपादन ही नव्हे. पुणे येथे २९ सप्टेंबर १८८४ रोजी मुलींचे जे हायस्कूल सुरू झाले व जे पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आले, त्याच्या स्थापनेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याबरोबर शंकर पांडुरंग पंडितही होते. या शाळेतील अभ्यासक्रमावर लोकमान्य टिळकांनी केलेली कठोर टीका सर्वश्रुत आहे. मुलींना मुलांसारखेच शिक्षण दिल्यास गृहव्यवस्था ढासळेल, ही भीती त्या टीकेच्या मुळाशी होती. त्या वादात पंडित कोणत्या बाजूस उभे होते, हे त्यांच्या कृतीवरून स्पष्ट होते.

परंतु विचार आणि घर यांच्यामध्ये काळ आडवा येतो. त्यांची कन्या क्षमा हिचा जन्म ४ जुलै १८९० रोजी पुण्यास झाला, आणि १८९४ च्या मार्चमध्ये पंडित निवर्तले. मुलगी तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या पित्याच्या हातून स्वतःच्या मुलीस एक अक्षरही शिकवून झाले नाही. तिचे बालपण राजकोटच्या आप्तांच्या आश्रयाने गेले. ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतरकार व विजयालक्ष्मी पंडित यांचे पती रणजित सीताराम पंडित हे याच घराण्यातील. राजकोट येथेच क्षमाबाईंना संस्कृतची गोडी लागली. पित्याकडून प्रत्यक्ष अध्यापन मिळाले नाही; मिळाला तो पित्याच्या नावाचा लौकिक आणि त्या लौकिकास आपण पात्र ठरले पाहिजे ही तळमळ. १९३९ साली त्यांनी ‘शंकरजीवनाख्यान’ या नावाने पित्याचे चरित्र संस्कृत पद्यात लिहिले. ज्या पित्याचा चेहराही धड आठवत नसावा, त्याचे चरित्र त्याच्याच प्रिय भाषेत लिहिण्यात मुलीने जे ऋण फेडले त्याचे मोल निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

३

क्षमाबाईंचा विवाह मुंबईतील डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी झाला. डॉ. राव हे नुसते व्यवसायी वैद्य नव्हते, तर वैद्यकशास्त्रातील संशोधक होते. संशोधनाच्या निमित्ताने युरोपचे प्रवास घडत, आणि त्या प्रवासांत क्षमाबाई बरोबर असत. विवाहाने स्त्रीचे क्षेत्र संकुचित होते हा त्या काळाचा सर्वसाधारण नियम. येथे त्याच्या उलट घडले. इंग्रजी व फ्रेंच भाषांशी परिचय, संस्कृत लेखनाचा नेटाने चालविलेला अभ्यास आणि त्याजबरोबरच टेनिसचा खेळ, या तिन्ही गोष्टी क्षमाबाईंच्या संसारात एकत्र नांदल्या.

स्त्रियांच्या टेनिसची त्या काळची स्थिती येथे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. विंबल्डन येथे स्त्रियांच्या एकेरीस १८८४ साली प्रारंभ झाला. म्हणजे पुण्यात हुजूरपागा सुरू झाली त्याच वर्षी. हा योगायोगच, परंतु दोन समाजांतील अंतर मोजण्यास तो उपयोगी पडतो. एका ठिकाणी स्त्रीने सार्वजनिक ठिकाणी स्पर्धेत उतरावे की नाही हा प्रश्न सुटत होता, तर दुसऱ्या ठिकाणी तिने वर्गात बसावे की नाही हा प्रश्न नुकताच उपस्थित होत होता. हिंदुस्थानात हा खेळ आला तो साहेबांच्या जिमखान्यांतून. मुंबईच्या बाँबे जिमखान्यात एतद्देशीयांस सदस्यत्व नव्हते. पारशी, हिंदू व मुसलमान समाजांनी आपापले निराळे जिमखाने काढले ते या पार्श्वभूमीवर. एतद्देशीय स्त्रियांत टेनिसचा शिरकाव प्रथम झाला तो पारशी व ख्रिस्ती कुटुंबांत. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई टाटा या साडी नेसून टेनिस खेळत, हे प्रसिद्धच आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिसच्या खेळात हिंदुस्थानतर्फे उतरलेल्या नोरा पोली या इंग्रज कुळातील होत्या. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानातील अग्रगण्य खेळाडू म्हणून ज्यांचा लौकिक होता त्या जेनी सँडिसन अँग्लो-इंडियन समाजातील.

अशा परिस्थितीत संस्कृत पंडिताच्या घरातील, मराठी वळणाची एक गृहिणी हातात रॅकेट घेऊन मैदानावर उतरते, ही गोष्ट त्या काळी किती असामान्य होती याची कल्पना करता येते. आणि हे करीत असता तिने आपली दुसरी बाजू सोडली नाही. महात्मा गांधींच्या चळवळीवरील क्षमाबाईंचे ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य १९३२ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. ज्या काव्याचा विषयच राज्यकर्त्यांना अप्रिय, ते परदेशात छापून निघावे यात आश्चर्य नाही. परदेशगमनाची या घराला जी सवय होती ती अशी दोन निरनिराळ्या कामी आली. आईचे राष्ट्रीय काव्य त्या मार्गाने प्रकाशात आले, आणि मुलीचा खेळही त्याच मार्गाने जागतिक स्पर्धेत पोहोचला.

४

लीला राव यांचा जन्म १९ डिसेंबर १९११ चा. खेळाची पहिली दीक्षा घरातच मिळाली. त्यांच्या क्रीडाजीवनाचा मुख्य कालखंड १९३१ ते १९४३ हा धरावा लागेल. या बारा वर्षांत त्यांनी स्त्रियांच्या एकेरीचे अखिल भारतीय विजेतेपद सात वेळा मिळविले. ती वर्षे अशी : १९३१, १९३६, १९३७, १९३८, १९४०, १९४१ व १९४३. या यादीकडे नुसती कौतुकाची यादी म्हणून न पाहता इतिहासाचे साधन म्हणून पाहिले, तर तीतून काही गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट अशी की, पहिले विजेतेपद आणि दुसरे विजेतेपद यांत पाच वर्षांचे अंतर आहे. याच मधल्या काळात त्यांचा विंबल्डनमधील खेळ येतो. १९३४ साली पहिल्या फेरीत त्यांची गाठ ग्लॅडिस साउथवेल या खेळाडूशी पडली. हा सामना त्यांनी ४-६, १०-८, ६-२ असा जिंकला. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या ईदा आदामॉफ यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. १९३५ साली त्या पुन्हा विंबल्डनला उतरल्या. परंतु पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमन यांनी त्यांस हरविले.

१९३४ च्या विजयाचे आकडे काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहेत. निकालपत्रकात नाव, फेरी आणि गुण एवढेच असते. परंतु गुणांनाही बोलते करता येते. पहिला सेट ४-६ असा गेला. दुसरा सेट हरला असता तर सामना तेथेच संपला असता. त्या काळी बरोबरी झाल्यास निर्णायक गुणफेरी घेण्याची पद्धत नव्हती. विंबल्डनला ती १९७१ साली आली. तोपर्यंत दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राही. म्हणजे दुसऱ्या सेटमध्ये उभयतांची आठ-आठ अशी बरोबरी झाली, आणि त्यानंतरचे दोन्ही गेम लीला राव यांनी घेतले. एकट्या त्या सेटमध्ये अठरा गेम झाले. एवढी झुंज झाल्यावर तिसरा सेट ६-२ असा सहज जिंकला जातो, यावरून काय दिसते? प्रतिस्पर्ध्याची दमछाक झाली आणि यांची झाली नाही. एकूण छत्तीस गेमपैकी वीस यांच्याकडे व सोळा प्रतिस्पर्ध्याकडे. हा विजय नशिबाने हाती आलेला नव्हता. दम, चिकाटी आणि पिछाडीवर असताना मन स्थिर ठेवण्याची शक्ती यांचा तो विजय होता. हिंदुस्थानी स्त्रीची प्रकृती मैदानी खेळाचा ताण सोसू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांस या आकड्यांत उत्तर आहे.

दुसरी गोष्ट खर्चाची. १९६८ पर्यंत विंबल्डनसारख्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. विजेत्यास पैशाच्या रूपाने पारितोषिक नसे. मुंबईहून युरोपला जाण्यास बोटीने सुमारे दोन आठवडे लागत. प्रवास, निवास, सराव यांचा सर्व भार खेळाडूच्या कुटुंबाने उचलावयाचा. याचा अर्थ असा की, त्या काळी जागतिक स्पर्धेत उतरण्यास कौशल्याइतकेच घरचे आर्थिक बळ, आणि त्याहून अधिक म्हणजे मुलीच्या खेळासाठी ते बळ खर्च करण्याची तयारी आवश्यक होती. पैसा अनेक घरांत होता. ही तयारी मात्र क्वचित होती.

तिसरी गोष्ट अधिक खेदाची. सातपैकी सहा विजेतेपदे १९३६ पासूनची आहेत. १९३६ ते १९३८ अशी सलग तीन वर्षे त्यांनी देशात अग्रस्थान राखले. म्हणजे विंबल्डनमध्ये खेळल्यानंतर त्यांचा खेळ उताराला लागला नाही, उलट त्याला स्थैर्य आले. परंतु १९३९ साली महायुद्ध पेटले आणि १९४० ते १९४५ या वर्षांत विंबल्डनची स्पर्धा भरलीच नाही. ऑलिंपिकमधून टेनिस १९२४ नंतर वगळण्यात आले होते, ते पदकांच्या खेळांत पुन्हा आले १९८८ साली. अर्थात १९४०, १९४१ व १९४३ या वर्षी राष्ट्रीय विजेती ठरलेल्या या खेळाडूस आपले कौशल्य जगापुढे ठेवण्यास व्यासपीठच उरले नव्हते. खेळाडूच्या आयुष्यातील वर्षे मोजकी असतात. ती इतिहास परत करीत नाही.

१९४३ साली त्यांचा विवाह सनदी सेवेतील अधिकारी हरीश्वर दयाल यांच्याशी झाला. शेवटचे राष्ट्रीय विजेतेपदही त्याच वर्षीचे. दयाल हे पुढे नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले.

५

एखाद्या स्त्रीच्या क्रीडाजीवनाचे मूल्यमापन तिच्या विजयांच्या संख्येवरून करावे, की तिला उपलब्ध असलेल्या स्पर्धांच्या मालिकेवरून? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एका दूरच्या व अगदी निराळ्या उदाहरणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. हे उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे.

ऑस्ट्रेलियात लंबवर्तुळाकार मैदानावर, लांबट चेंडूने खेळला जाणारा फुटबॉलचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यात धक्काबुक्की व शारीरिक झटापट बरीच असते. स्त्रियांनी हा खेळ खेळण्याची परंपरा तेथे जुनी आहे. १९१५ साली पर्थ येथे फॉय अँड गिब्सन या दुकानातील नोकरवर्गातील स्त्रियांनी सामने खेळल्याची नोंद आढळते. तथापि स्त्रियांची राष्ट्रीय व्यावसायिक साखळी स्पर्धा तेथे सुरू होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. या स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविणाऱ्या एरिन फिलिप्स यांचा वृत्तान्त येथे प्रस्तुत आहे. त्यांचा जन्म १९८५ चा. वडील ग्रेग फिलिप्स हे पोर्ट अॅडलेड संघाचे नामवंत फुटबॉलपटू. मुलगी लहानपणी मुलांबरोबर फुटबॉल खेळे. परंतु किशोरवयात येताच मुलांच्या संघात राहण्यास नियमाने बंदी, आणि मुलींचा स्वतंत्र मार्ग नाही, अशी स्थिती झाली. तिने बास्केटबॉल स्वीकारला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघातून तिने रौप्यपदक मिळविले; अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत २०१२ व २०१४ साली विजेत्या संघांत ती होती. आवडत्या खेळाचे दार उघडले तेव्हा तिचे वय एकतीस होते. तरीही २०१७ व २०१९ या दोन्ही वर्षी ती स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली, आणि दोन्ही वर्षी तिचा अॅडलेड संघ अजिंक्य ठरला. २०१९ चा अंतिम सामना पाहण्यास अॅडलेडच्या मैदानावर ५३,०३४ प्रेक्षक जमले होते. त्याच सामन्यात तिच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली. त्यानंतरही ती खेळली, आणि २०२३ साली निवृत्त झाली.

या दोन जीवनक्रमांत साम्य आहे ते असे. दोघींनाही खेळाचा वारसा घरातून मिळाला. एकीला आईकडून, दुसरीला वडिलांकडून. दोघींच्याही उमेदीच्या वर्षांतील एक मोठा भाग स्पर्धेच्या अभावी वाया गेला किंवा अन्यत्र वळवावा लागला. एकीच्या बाबतीत युद्धाने दार बंद केले. दुसरीच्या बाबतीत दारच बांधलेले नव्हते. भेद आहे तोही बोधप्रद आहे. टेनिस हा दोन व्यक्तींमधील, मध्ये जाळी असलेला, अंगास अंग न लागणारा खेळ. म्हणून तो ‘कुलीन’ स्त्रीस शोभणारा मानला गेला आणि त्याचे दार लवकर उघडले. जेथे संघाने, अंगाशी अंग भिडवून खेळावयाचे तेथे स्त्रियांना सर्वत्र उशिरा प्रवेश मिळाला.

हा भेद आपल्या किनाऱ्याकडे वळल्यावर अधिकच स्पष्ट होतो. टेनिसला हिरवळ किंवा बांधीव पटांगण हवे, जाळी हवी, रॅकेट हवी, क्लबाचे सदस्यत्व हवे. हुतूतूस पुळणीवर ओढलेल्या चार रेघा पुरतात. असे असूनही या स्वस्त व देशी खेळातील स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धांस प्रारंभ झाला १९५५ साली; म्हणजे लीला राव यांच्या विंबल्डनमधील विजयानंतर एकवीस वर्षांनी. आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंग येथे आली, स्त्रियांची २०१० साली ग्वांगझौ येथे. मध्ये वीस वर्षे लोटली. ग्वांगझौ येथे भारतीय स्त्रियांनी सुवर्णपदक पटकाविले. म्हणजे खेळाडू तयार होत्या, पण स्पर्धा तयार नव्हती. बांबुळीच्या पंडितांची नात १९३४ साली विंबल्डनला जाऊ शकली आणि त्याच काळातील मालवणच्या पुळणीवरील मुलीस तालुक्याबाहेरही खेळावयास जाता आले नाही, याचे कारण दोघींच्या अंगच्या गुणांत शोधणे व्यर्थ आहे. एकीच्या घराण्याने अर्ध्या शतकात कोकण, पुणे, राजकोट, मुंबई, पॅरिस, लंडन असा मार्ग आक्रमिला होता. दुसरीच्या घरातील पुरुष मुंबईस चाकरीला जात आणि स्त्रिया शेतीभाती सांभाळीत मागे राहात. मालवण बंदरातून मुंबईची आगबोट दोघांनाही उपलब्ध होती; परंतु तीत कोणी बसावयाचे हे समाजाने ठरविलेले होते.

६

विवाहानंतर लीला राव यांचे नाव विजेत्यांच्या यादीतून नाहीसे होते. त्यांचे कार्य मात्र थांबलेले नाही. भारतीय शास्त्रीय नृत्यावरील ‘नृत्तमंजरी’ हा त्यांचा ग्रंथ, तसेच मणिपुरी नृत्यावरील त्यांचे लेखन अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. आईच्या कथांवरून त्यांनी संस्कृत नाटके रचली. क्षमाबाई २२ एप्रिल १९५४ रोजी निवर्तल्या. त्यांच्या कथांना रंगभूमीचे रूप देण्याचे काम कन्येने केले. शंकरपंतांचे चरित्र क्षमाबाईंनी संस्कृतात लिहिले आणि क्षमाबाईंच्या कथा लीलाबाईंनी संस्कृत रंगभूमीवर आणल्या. बांबुळीच्या विद्येची ही परंपरा तीन पिढ्या अखंड चालली, आणि त्यातील दोन पिढ्या स्त्रियांच्या आहेत.

येथे संशोधकास एक व्यावहारिक अडचण येते ती नमूद करणे अवश्य आहे. क्रीडेच्या साधनांत ही व्यक्ती ‘कुमारी लीला राव’ या नावाने येते. नृत्य व संस्कृत यांच्या ग्रंथसूचींत ‘लीला राव-दयाल’ या नावाने. आणि पंडित घराण्याच्या वृत्तान्ताच्या दृष्टीने ती मुलीची मुलगी, म्हणून बाहेरची. क्रीडेचा इतिहासकार तिला टेनिसपटू म्हणून ओळखतो, पण संस्कृतज्ञ म्हणून ओळखत नाही. संस्कृत नाट्याचा इतिहासकार नाटककर्ती म्हणून तिची नोंद घेतो आणि विंबल्डनचा उल्लेख त्यास अप्रस्तुत वाटतो. कोकणाचा इतिहासकार तर शंकर पांडुरंगांपाशीच थांबतो. एकाच आयुष्याचे असे तीन तुकडे तीन कपाटांत राहतात. पुरुषाच्या बाबतीत हे सहसा घडत नाही, कारण त्याचे नाव बदलत नाही.

विजयानंतरच्या कालखंडाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. १९९८ साली निरुपमा वैद्यनाथन यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकला तेव्हा, आणि २००५ साली सानिया मिर्झा यांनी विंबल्डनला पहिल्या फेरीत अकिको मोरिगामी यांस हरविले तेव्हा, या मार्गावर कोणी तरी आधी चालून गेले आहे याची आठवण काही जणांस झाली. १९३४ आणि २००५ यांमध्ये एकाहत्तर वर्षे आहेत. एक व्यक्ती पुढे गेली म्हणजे वाट तयार झाली असे होत नाही. ती वाट एका घराण्याच्या सामर्थ्यावर काढलेली असेल तर घराण्याबरोबरच बुजते. ती टिकावी यासाठी शाळा, संघ, पटांगण, शिक्षक आणि नियमित स्पर्धा यांची व्यवस्था लागते.

या विवेचनावरून निघणारे निष्कर्ष असे मांडता येतील. एक, लीला राव यांचे क्रीडाजीवन हा एखाद्या अपवादात्मक व्यक्तीचा चमत्कार नसून तीन पिढ्यांच्या विचारपूर्वक घडलेल्या कृतींचा परिणाम आहे. मुलींच्या शाळेसाठी झटलेले आजोबा, संसारात राहून विद्या व खेळ दोन्ही जपणारी आई आणि त्या दोहोंचा लाभ घेऊन स्वतःच्या कष्टाने सात वेळा देशात अग्रस्थानी पोहोचलेली मुलगी, अशी ती साखळी आहे. दोन, या साखळीतील प्रत्येक कडी खासगी स्वरूपाची होती, म्हणून तिचा लाभ त्या घराबाहेर पोहोचला नाही. याचा दोष व्यक्तींकडे नसून सार्वजनिक व्यवस्थेच्या अभावाकडे जातो. तीन, दक्षिण कोकणाच्या इतिहासात माहेर व आजोळ यांच्या मार्गाने गेलेला वारसा शोधावयाचा असेल तर कुलवृत्तान्ताची रेषा ओलांडावी लागेल, आणि क्रीडेची निकालपत्रके, ग्रंथसूची, शाळांची हजेरीपटे ही साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचावी लागतील.

अलीकडच्या वर्षांत मालवणच्या चिवला किनाऱ्यावर खुल्या समुद्रातील जलतरणाच्या राज्यस्तरीय स्पर्धा भरतात, आणि त्यांत निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या मुली मुलांच्या बरोबरीने उतरतात. स्पर्धा येथे खेळाडूंच्या दारी आली आहे. या मुलींपैकी किनाऱ्यावरील किती जणी पुढील पायरीपर्यंत पोहोचतात, हे मोजण्याची साधने आज आपल्या हाती आहेत. त्या नोंदी नीट ठेवल्या जाव्यात, आणि विवाहानंतर बदललेल्या नावांसह ठेवल्या जाव्यात, एवढी काळजी जिल्ह्यातील शाळांनी व संघटनांनी घेतली, तर पुढील पिढीच्या अभ्यासकास लीला राव यांच्यासारखे आयुष्य तीन कपाटांतून गोळा करीत बसावे लागणार नाही.